उचगावच्या डेअरीतलं लांब बटण

सायंकाळच्या दूध संकलनात डेअरीचा कॉम्प्युटर आठवड्यात तिसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा चेअरमन मारुतीराव नेमके काट्याजवळ उभे होते. बंद पडला म्हणजे बिघडला नव्हता. 'नवीन सुधारणा बसवत आहे, थांबा' एवढं सांगून तो आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू व्हायच्या उद्योगाला लागला होता. या उद्योगाला त्याला वीस मिनिटं लागत. तोवर काटा मुका, फॅट मशीन मुकं, आणि बाहेर किटल्या घेऊन उभ्या असलेल्या चाळीस माणसांची तोंडं मात्र चालू.

"ऋतिका, हे काय लावलंयस गं?" मारुतीराव कडाडले. "दूध नासायची वाट बघालीस व्हय? शुक्रवारी सांजच्याला मी स्वतः हितं हुभा ऱ्हाणार. त्या दिवशी जर हे बंद पडलं, तर ही पेटी माळ्यावर आणि तू घरात. आमचं वहीवर लई झ्याक चालत हुतं."

जुना कॉम्प्युटर फार रेंगाळतो म्हणून डेअरीचा हिशेब सांभाळणाऱ्या ऋतिकानेच त्याच्यात जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, फुकट मिळणारी प्रणाली बसवली होती. सुधारणा रात्री घे म्हणून वेळ ठरवून दिली, तर ती पाळायची नाही. सुधारणा बंदच ठेवल्या, तर फॅट मशीन जोडलं जाईना. बेळगावात बी.एस्सी. करून, घरच्यांशी भांडून तिने ही नोकरी धरली होती. ती सोडून घरात बसायची कल्पनाही तिला सहन होत नव्हती.

शेवटी तिने प्रणाली बनवणाऱ्यांनाच पत्र लिहिलं. नॉर्वेतल्या ओलाव नावाच्या माणसाचं दोन दिवसांत उत्तर आलं. दुरुस्ती तयार होती. यापुढे कोणी काम करत असेल, तर यंत्र थांबून राहणार होतं. 'मात्र ती सगळ्यांना देण्याआधी तुम्ही तपासून कळवा,' त्याने लिहिलं होतं. 'काम चालू असताना मुद्दाम सुधारणा येऊ द्या, आणि काय होतं ते पाहा.'

म्हणजे संकट टळलं की नाही हे बघायला संकटालाच आवतण द्यायचं, तेही ऐन संकलनात. ऋतिकाने दुरुस्ती बसवली आणि गुरुवार निवडला. गुरुवारी मारुतीराव लेकीकडे शहापूरला जात आणि अंधार पडल्याशिवाय परतत नसत.

गुरुवारी साडेपाचला रांग लागली. मालुबाई नेहमीप्रमाणे पहिल्या. दूध मापून घेणाऱ्या महादेवअण्णांनी किटली रिकामी केली, फॅट मशीनने आकडा दाखवला, पावती आली. दुसरी आली, तिसरी आली. ऋतिकाच्या जिवात जीव येतो न येतो तोच पडदा बोलला: 'येथे कोणीही काम करत नाही. साठ सेकंदांत बंद होत आहे.'

"कोणी न्हाय?" ऋतिका ओरडलीच. "ही चाळीस माणसं काय झोपल्यात?"

तिने घाईघाईने कीबोर्डावरचं लांब बटण दाबलं. सूचना गेली. पाच मिनिटांनी पुन्हा आली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. ओलावच्या देशात काम करणारा माणूस कीबोर्ड बडवत असणार. डेअरीत काट्याचा आणि फॅटचा आकडा वायरीतून परस्पर जातो. बटणाला कोणाचं बोट लागत नाही, म्हणून यंत्राच्या लेखी डेअरी ओस पडलेली.

आता पावत्या फाडायच्या, बाटल्यांत नमुने भरायचे की बटण दाबायचं? तिने मालुबाईंना हाक मारली. "मावशी, हितं बसा जरा. मधनंमधनं हे लांब बटण दाबत ऱ्हावा."

मालुबाईंनी चप्पल बाहेर काढली, नळावर हात धुतले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बटण दाबून बोट कपाळाला लावलं. एवढंच कारण पुरलं. मागच्या यशोदाबाईंनीही हात धुऊन बटण दाबलं. त्यांच्या म्हशीला कालपासून सरकी पेंड चालू होती, त्यामुळे फॅट चांगलं लागलं आणि दुधाला दरही चढा मिळाला. पण पेंडीचं नाव कोण घेतो?

"बटन दाबलं की फॅट वाढालंय गं!" रांगेत बातमी पसरली.

मग काय विचारता! नळावर हात धुवायला वेगळी रांग लागली. ज्यांचं दूध आधीच घातलं होतं, ते घरी निघालेले लोक माघारी फिरले.

"माझं बटन न दाबताच माप घेतलंय," त्यांतला मष्णू म्हणाला. "परत घ्या."

"अरं, दूध कॅनात गेलं की रं! आता तुझं कुठलं नि ह्येंचं कुठलं?" महादेवअण्णा वैतागले.

"ते मला म्हाईत न्हाय. माझं मला काढून द्या."

भांडण हातघाईवर आलं आणि त्याच क्षणी दारात मारुतीराव उभे राहिले. लेक नेमकी पिरनवाडीला गेली होती, म्हणून ते आल्या पावली परतले होते. भांडणाऱ्यांचे हात खाली आले. मालुबाईंनीही अदबीने बटणावरचा हात काढून घेतला.

"काय चाललंय?" म्हणत मारुतीराव टेबलापुढे आले, ते थेट ऋतिका आणि कीबोर्ड यांच्या मध्ये. पडद्यावर आकडे उतरू लागले. पन्नास. चाळीस. चेअरमनना ढकलावं तर नोकरी जाणार, न ढकलावं तरी जाणार.

"आप्पा, दाबा!" ती रडवेली होऊन म्हणाली.

"काय दाबू?"

"बटन! लांब बटन!" चाळीस माणसं एका सुरात ओरडली.

मारुतीराव दचकले आणि सवयीने मूठ टेबलावर आपटावी तशी त्यांनी ती कीबोर्डावर आपटली. पडदा नऊवर थांबला आणि सूचना निघून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मारुतीरावांनी आपल्या मुठीकडे कौतुकाने पाहिलं, आणि ते ऐटीत खुर्चीत बसले.

ऋतिकाने खरं ते ओलावला लिहून टाकलं. शुक्रवारी दुपारी उत्तर आलं. 'हात न लावता काम चालतं हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं! आता वायरीतून येणारे आकडेही काम म्हणून धरले आहेत. पुन्हा तपासा. अट एकच, संकलन संपेपर्यंत कीबोर्डाला कोणीही हात लावता कामा नये.'

साडेपाचला नवी दुरुस्ती बसवून तिने बाहेर पाहिलं. नळावर रांग होती. सर्वांत पुढे हात धुऊन मारुतीराव.

ऋतिकाने एकदा देवाचं नाव घेतलं आणि टेबलाखाली वाकून कीबोर्डाची आणि माऊसची वायर हळूच उपसून टाकली.

तासभर सगळ्यांनी भक्तिभावाने मेलेलं बटण दाबलं. मालुबाई खुर्चीत बसून डोळ्यांत तेल घालून पहारा देत होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात 'काम चालू आहे, सुधारणा थांबवली आहे' हे शब्द शेवटच्या किटलीपर्यंत तसेच राहिले. ऋतिकाला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. कॅन गाडीत चढले, डेअरी रिकामी झाली. मालुबाई कंबर धरून उठल्या, चार पावलं गेल्या, आणि काम खरोखरच संपलं आहे हे ओळखून कॉम्प्युटर शहाण्यासारखा सुधारणा बसवायला बंद झाला.

"बघितलंस?" मारुतीराव म्हणाले. "मालुबाई हुती तवर चाललं. ती उठली आनी हे झोपलं."

"आप्पा, तसं न्हाय, ही दुरुस्ती..."

"ऱ्हाऊ दे. पेटी ऱ्हाऊ दे, तुझी नोकरी बी ऱ्हाऊ दे. चुका हुत्यात पोरींकडनं." मारुतीरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पण सोमवारपासनं त्या बटनावर मालुबाई बसणार, डेअरीच्या हाजरीपटावर. तू पावत्या फाड. ते काम तुला झेपायचं न्हाय."

"व्हय आप्पा," ऋतिका म्हणाली, आणि लोंबणारी वायर तिने पायाने टेबलाखाली आणखी आत सारली.