गुलाबी पाहुणा

दसऱ्याला कंटेनर रवाना करायला ऑफिसात कोण येणार, असं नंदकिशोर साहेबांनी विचारलं आणि वाशीच्या त्या कांदा-निर्यात कंपनीतली झाडून सगळी माणसं एकाएकी आपापल्या कीबोर्डवरची धूळ पुसायला लागली.

साहेब स्वभावानं इतके मऊ, की चहा मागवतानाही "वेळ असेल तर" असं म्हणायचे. ते हुकूम कुणाला सोडणार? शेवटी वैतागून म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत तो बंदुकांचा गेम खेळता ना रोज? मला दिसतं सगळं. उद्या त्याच्यावरच ठरवा. एकच डाव. यादीत जो सगळ्यात खाली, त्याचा दसरा ऑफिसात."

डिस्पॅचच्या जयदेवचा जीव भांड्यात पडला. लग्नानंतरचा त्याचा पहिला दसरा. खांदेश्वरला सासुरवाडीची पंगत ठरलेली. सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं, "जावयाशिवाय पान मांडनार नाय मी." बायको योगिनी काहीच बोलली नव्हती, आणि जयदेवला खरी भीती त्याचीच होती.

पण आता चिंता कसली! ऑफिसातली कॉम्प्युटरं इतकी म्हातारी, की त्यांच्यावर तो एकच जुना गेम चालायचा. दगडी किल्ला, खाली उकळता लाव्हा, आणि ठोकळ्यांनी बनवल्यासारखी माणसं. त्यातला वाघ म्हणजे जयदेव. एकदा शिंकता शिंकता त्यानं दोघांना लोळवलं होतं, आणि त्यातला एक तर शिंकेनंच पडला, असं सांगणारे साक्षीदार त्या ऑफिसात अजून नोकरीला आहेत.

दुसऱ्या दिवशी सगळे स्क्रीनसमोर बसले आणि रिसेप्शनची वैशाली मोबाइल घेऊन हजर झाली. नवरात्रात या बाईला सगळे टरकून असत. रोजच्या रंगाचा ग्रुप फोटो काढायची जबाबदारी तिनं स्वतःच स्वतःवर घेतली होती. मागच्या वर्षी तिनं झेरॉक्स मशीनलासुद्धा जांभळी ओढणी गुंडाळली होती, आणि मशीन दोन दिवस जांभळ्याच प्रती काढत होतं म्हणतात.

"स्क्रीनवर काय हे? एक लाल, एक निळा, क्षिप्राचा तर पोपटी! आज राखाडी आहे ना?"

"वैशालीताई, ती खोटी मानसं हायत," जयदेव म्हणाला.

"फोटोत येणार ना पण? मग राखाडी!"

वाद घालण्यात सुट्टी संपली असती. जयदेव एकेका कॉम्प्युटरवर गेला आणि प्रत्येक ठोकळ्याचा शर्ट राखाडी, पॅन्ट राखाडी करून आला. फोटो निघाला. लढाई सुरू झाली.

घाईत एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानातून गेली. रोज डिस्पॅच विरुद्ध अकाउंट्स असा सामना व्हायचा, म्हणून गेममध्ये एक सोय करून ठेवलेली होती: एका रंगाची माणसं एका पक्षाची, आणि आपल्या माणसाची गोळी आपल्याला लागत नाही.

"जयदेव," अकाउंट्सच्या क्षिप्रानं मान न वळवता विचारलं, "मघापासून तू मलाच मारतोयस ना? गुदगुल्यासुद्धा होत नाहीयेत रे."

जयदेवनं चिडून मोठी तोफ काढली आणि हातभर अंतरावरून तिच्यावर डागली. क्षिप्रा जागची हलली नाही. गोळा मागच्या भिंतीवर फुटला आणि त्या धमाक्यात जयदेवच खपला. यादीत त्याच्या नावापुढे उणे एक. तोफेतच काही बिघाड असेल म्हणून त्यानं पुन्हा डागली. उणे दोन.

क्षिप्रा हुशार. ती ओरडली, "कुणी गोळीच झाडू नका! सगळे शून्यावर बसा!"

झालं! सगळे राखाडी शिपाई बँकेत टोकन घेऊन बसावं तसे भिंतीला टेकून उभे राहिले.

"सेटिंग चुकलीय यार! बदलतो, परत चालू करू," जयदेव काकुळतीला आला.

"साहेब काय म्हणाले? एकच डाव," क्षिप्रा म्हणाली. शून्यावर बसलेल्या सगळ्यांना त्या दिवशी शिस्त फार प्रिय झाली होती.

जयदेवला डोळ्यांसमोर न मांडलेलं पान दिसायला लागलं. तेवढ्यात किल्ल्याच्या कोपऱ्यातून एक नवाच गडी आला. नाव ‘पाहुणा’. शर्ट गुलाबी, पॅन्ट गुलाबी. भिंतीला नाक घासत उभा राहिला. जयदेवनं सवयीनं गोळी झाडली आणि पाहुणा धाडकन पडला!

"लागली! ह्याला लागते!"

मग काय विचारता! शिकारीला उपाशी बसलेली ती सगळी माणसं त्या गुलाबी जिवावर तुटून पडली. तो बिचारा परत उभा राही, परत पडे. कधी घाबरून पळायला जाई आणि आपणहून लाव्ह्यात उडी घेई. दर वेळी साहेबांच्या केबिनमधून "अरेच्चा!" ऐकू येत होतं, पण लक्ष कुणाचं?

वेळ संपली. जयदेव सगळ्यांच्या वर. तळाला पाहुणा, उणे सहा.

"कोन रे हा गुलाबी येडा?" जयदेव खुर्चीवर चढून ओरडला.

केबिनचं दार उघडलं. "मी," नंदकिशोर साहेब म्हणाले. अंगात गुलाबी शर्ट.

जयदेव खुर्चीवरून उतरायचंच विसरला. वैशाली मात्र आधी सावरली. "साहेब, आज राखाडी होता."

"आमच्याकडे येतो त्या पेपरात गुलाबी आहे. ही म्हणाली गुलाबी, म्हणून तुमचा गेम खेळून बघायला आलो तेव्हा तिथंही गुलाबीच घेतला. घरी कळलं तर?" साहेबांनी यादीकडे पाहिलं, सुस्कारा सोडला. "असो. सगळ्यात खालचा येणार, असं मीच म्हणालो होतो."

दसऱ्याला जयदेव खांदेश्वरच्या पंगतीत बसला, पण श्रीखंड गोड लागेना. सासूबाईंनी योगिनीच्या साडीला जुळणारा झेंडूच्या रंगाचा सदरा पाठवला होता. "टॅक्सी दिसेन मी त्याच्यात," म्हणून हा निळाच घालून आला; योगिनीनं तो सदरा पिशवीत घालून सोबत आणलाच. तेव्हापासून योगिनीचा एकेक टोमणा नेमका लागत होता. "वाढपी आलाय वाटतं," हा ताजा.

फोन वाजला. साहेब!

"जयदेव, कंटेनर गेला. पण अरे, ही डबा घेऊन आलीय. म्हणाली, बघू तुमचा गेम. तुझ्या जागेवर बसलीय आणि सकाळपासून मला नुसती मारतेय रे! हिच्या रंगाचं कसं व्हायचं, तेवढं सांग."

मागून आवाज आला, "सांगू नका हो जयदेवभावजी!"

"माझ्या कॉम्प्युटरवर राखाडीच असंल, साहेब. मेनूत जा. शर्ट राखाडी, पॅन्ट राखाडी. बस."

थोडा वेळ खाटखूट. मग साहेबांचा हर्षानं चिरकलेला आवाज, "लागत नाही रे! खरंच लागत नाही!"

जयदेवनं फोन ठेवला.

"झालं का ऑफिस?" योगिनी म्हणाली. "निळ्यावर श्रीखंड सांडलंय, तेवढं बघा."

जयदेवनं तिच्या साडीकडे नीट पाहिलं. मग हात धुतले, आतल्या खोलीत गेला, पिशवी उघडली, आणि झेंडूच्या रंगाचा सदरा घालून मुकाट्यानं पानावर येऊन बसला.

योगिनीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि त्याच्या पानात एक गरम पुरी वाढली.