चार एकरांचा सडा

कृष्णेच्या काठाला, वाईच्या खालच्या अंगाला एक गाव हाय. त्या गावात एक होते लालासाहेब, एक होती त्यांची बायको रंगूबाई, आणि त्यांचा एक ल्योक होता पृथ्वीराज. रंगूबाई म्हंजे मीच. (नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ न्हाई म्हणत्यात, पण गोष्टीत घ्यावंच लागतं. आता हितनं पुढं मालकच म्हणीन.)

पृथ्वीराजला मोटारसायकलचं लय याड. मालक म्हणाले, "गाडी घ्यायची न्हाई." मी गुपचूप पाटल्या मोडल्या आणि घेऊन दिली. त्या गाडीवर पोरगं बर्फाचे डोंगर फिरून आलं, कन्याकुमारीचा समुद्र बघून आलं, आणि घरापासनं दोन मैलांवर उसाच्या ट्रॉलीला धडकून गेलं.

त्या दिवसापासनं मालक माझ्याशी बोलायचे बंद झाले. शिवी न्हाई, हाक न्हाई. काय पायजे असलं तर म्हशीला सांगायचे, "ह्या बाईला म्हणावं, च्या ठेव." म्हैस काय मला येऊन सांगायची न्हाई, पण मी ठेवायची. पोराचं नावबी त्यांनी तोंडातनं काढलं न्हाई. दोन वर्सं अशी गेली. सासरी दिलेल्या लेकीची पोरं सुट्टीला आली की आज्ज्याचं बोलणं ऐकून हसायची. मला हसायला येत नव्हतं.

मग एक दिवस वाजिद आला. वाजिदचं वाईत गॅरेज हाय. पृथ्वीराजचा जोडीदार, दोघं एकाच क्लबात.

"काकी, औंदा देशभरातल्या गाड्यांचा मेळावा आपल्याकडं हाय. पाचशे गाड्या, तंबू, तीन दिवस. जागा दोनच उरल्यात. एक सांगलीजवळचं मैदान, आन् एक तुमचं चार एकर. ऊस तुटलाय, रान मोकळंच हाय. हितं ठरलं तर कमानीवर पृथ्वीचं नाव लावू."

माझ्या मनानं तिथंच कमान उभी केली. मालक येता-जाता तिच्याखालनं जातील. कवा ना कवा नाव वाचतील, तोंडातनं निघंल. एकदा पोराचं नाव निघालं की मग बायकोचंबी निघंल.

वाजिदनं मालकांना इचारलं. त्यांनी मान हलवली. होय म्हणून हलली का माशी बसली म्हणून, देवाला ठावं. मी होयच धरलं.

रविवारी दुपारी क्लबाची मुख्य प्रियदर्शनीबाई सांगलीहून जागा बघायला येणार होती. आता पावणं अंगणात येणार असलं की आपण सडा घालतो. का? धुरळा उडू नये, पावण्याला बरं वाटावं. आणि हे पावणं तर रानात येणार, तेबी गाड्या घेऊन! केवढा धुरळा उडंल! (एवढी अक्कल मला देवानं एकाच दिवशी का दिली, कुणास ठाऊक.) पाटाच्या पाण्याची पाळी आमचीच होती. सकाळी उठले आणि दारं मोडून, म्हंजे पाटाच्या तोंडाची माती सारून, पाणी रानात सोडलं. म्हणलं, जरा वरची माती भिजली की बंद करू.

घरी येऊन पुरण चढवलं. इकडं पुरण, तिकडं पाणी, आणि मधी म्हातारी एक. पुरण काय करपलं न्हाई.

दुपारी दोन गाड्या धडधडत बांधावर आल्या. वाजिद पुढं. मागं वळून वरडला, "ताई, बघा पटांगण! धुरळ्याचं नाव न्हाई!" आणि गाडी घातली रानात. धा-पंधरा हात गेली आणि काळ्या मातीत पोटापतूर बसली. त्याला काढायला प्रियदर्शनीबाई गेली, तर तिचीबी गाडी बसली. बाई खाली उतरली तर बूट चिखलात ऱ्हायला आणि पाय तेवढा वर आला.

"काकी, काल पाऊस झाला का हो?"

"न्हाई बाई. तुमी येणार म्हणून सडा घातलाय."

"सडा? एवढ्याला?"

"पाटाचं पाणी सोडलं."

वाजिदनं डोळं मिटून घेतलं. प्रियदर्शनीबाई लय भली. हळूच म्हणाली, "काकी, जागा छान आहे. पण हे पंधरा दिवस सुकायचं नाही, आणि जागा मला आजच कळवायची आहे. सांगलीच ठरवावी लागेल."

झालं. कमान पडली. मी बांधावर बसले आणि पदर तोंडाला लावला. पाटल्या मोडून गाडी दिली ती मीच, आणि आता पोराचं नाव चिखलात घातलं तेबी मीच.

तवर मालक बैलं आणि दोर घेऊन आले. दोन्ही गाड्या वढून काढल्या. मग गुडघाभर चिखलानं माखलेले माझ्यापुढं येऊन उभं ऱ्हायले, आणि दोन वर्सांत पयल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडं बघितलं.

"अगं येडे! चार एकराला सडा घालत्यात व्हय? नांगरानं रांगोळीबी काढायची हुतीस की!" मग आवाज चिरकला. "पृथ्वा असता तर... पोट धरून हसला असता गं."

मी जी रडायला लागले ती थांबंचना. प्रियदर्शनीबाई पुढं आली. "काका, नका हो रागवू त्यांना."

"बाई, तू मधी पडू नगंस," मी म्हणलं. "रागवू दे त्यांना."

मालक बांधावर शेजारी बसले. दोघं मिळून पोराला रडलो, जे दोन वर्सांमागंच रडायला पायजे होतं. वाजिद चिखलातच उभा ऱ्हाऊन डोळं पुसत होता, त्यामुळं त्याच्या तोंडाला जास्तच चिखल लागला.

मेळावा सांगलीला झाला. कमानीवर कुणाचं नाव होतं, मला ठावं न्हाई. पण आमच्या घराचं नशीब असं उघडलं. मालक आता माझ्याशीच बोलत्यात, आणि थांबत न्हाईत. परवा आमटी खारट झाली तर माझ्या बापाच्या बापापतूर गेले. मी कान भरून ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम एक चिमूट मीठ जादा टाकलं. तर मिटक्या मारत म्हणाले, "आज कुटं तुला सैपाक जमला."