मटार सोलायचे की पोळी करायची

स्वरदाने तो प्रश्न विचारला तेव्हा नरहरराव दारात बसून मोजे काढत होते.

"बाबा, एक बात पूछनी थी," ती म्हणाली आणि जरा वेळ चपलांकडे बघत राहिली. "कंप्यूटर में ज़्यादा कोर अच्छे होते हैं या तेज़ क्लॉक?"

नरहरराव देवस्थळी रेल्वेत सिग्नल खात्यात इंजिनिअर. तिकडे उत्तरेत, आलमबागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांनी घरात मराठी हट्टाने टिकवली, आणि मुलगी त्या मराठीला तितक्याच हट्टाने हिंदीत उत्तरं देत मोठी झाली. आता ती शादीचे व्हिडिओ एडिट करायची. दहावीच्या बीजगणितानंतर तिने वडिलांना काही विचारलं नव्हतं. (बीजगणितही एकदाच विचारलं होतं. उत्तर चुकलं होतं.) त्यामुळे एक मोजा पायात तसाच राहिला आणि नरहररावांना भरून आलं.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले. ती आणखी काही बोलणार होती, पण ते चष्मा शोधायला उठले होते.

दुसऱ्या दिवशी ते निशातगंजला एका दुकानात गेले. दुकानदाराने समजावलं, की कोअर म्हणजे कामाला बसलेली माणसं आणि क्लॉक म्हणजे एकेकाच्या हाताचा वेग. माणसं जास्त घेतलीत तर हात जरा सावकाश, हात चपळ हवे तर माणसं कमी.

"काम क्या है, अंकल?" त्याने विचारलं.

"काम बहुत ज़रूरी है," नरहरराव गंभीरपणे म्हणाले आणि घरी आले.

रेल्वेच्या माणसाचा ऐकीव माहितीवर विश्वास नसतो, त्याला चाचणी लागते. रविवारी त्यांनी तेलीबागहून आपले मित्र चंद्रहास यांना बोलावून घेतलं. एका बाजूला नरहरराव, चंद्रहास आणि स्वरदा, म्हणजे कोअर जास्त. दुसऱ्या बाजूला त्यांच्या पत्नी, एकट्या पद्माताई, म्हणजे क्लॉक. थंडीचे दिवस होते, घरात पोतंभर मटार येऊन पडले होते. त्यांचे दोन सारखे ढीग झाले.

पद्माताईंचा हात वाऱ्यासारखा चालतो, तरी तिघांपुढे त्या मागे पडल्या. नरहररावांनी कोअरचा विजय जाहीर केला.

"बाबा, वो मुझे कुछ और भी..." स्वरदा म्हणाली.

"थांब, पोळीचा निकाल लागू दे."

पुरणपोळीला दोन्ही पक्षांना एकेक तवा मिळाला. पद्माताई एक लाटायच्या, एक भाजायच्या, चुकायचं कारणच नव्हतं. इकडे तिघांनी तीन पोळ्या लाटल्या आणि तव्यापुढे रांग लागली. चंद्रहासांची पोळी पोळपाटाला चिकटली, नरहररावांची वाट बघता बघता फाटली आणि पुरण गॅसवर सांडलं. पद्माताईंचा डबा भरला तेव्हा या पक्षाच्या नावावर एक पोळी होती, तीही स्वरदाची.

चंद्रहास जेवून गेले. नरहरराव मात्र मोठ्या पेचात पडले. एक निकाल कोअरचा, एक क्लॉकचा, आणि मुलीने इतक्या वर्षांनी एक गोष्ट विचारली तर तिला काय सांगायचं?

"अहो, तिला मटार सोलायचेत की पोळी करायचीय, ते आधी विचारा की," पद्माताई म्हणाल्या.

हे त्यांना सुचलंच नव्हतं. ते स्वरदाच्या खोलीत गेले. "बेटा, तुझं काम नेमकं काय असणार आहे?"

स्वरदाने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "बाबा, मुझे कोची में नौकरी मिली है. अगले महीने जाना है. उस दिन यही बताने आई थी. हिम्मत नहीं हुई, तो जो मुँह में आया पूछ लिया."

"मग कॉम्प्युटर?"

"वो तो ऑफिस देगा."

नरहररावांनी मान हलवली. चांगली नोकरी आहे ना, राहायची सोय काय, असं सगळं त्यांनी रीतसर विचारलं. पण ती नसलेलं घर त्यांनी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. मग ती चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, मी रोज फोन करीन," आणि त्यांना तिथे उभं राहवेना. ते स्वयंपाकघरात आले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगायचं तिने होतं," पद्माताई म्हणाल्या. त्यांचेही डोळे लाल होते. "शिवाय मटार सोलून व्हायचे होते."

त्यांनी मेथीच्या जुड्या नरहररावांच्या पुढ्यात सरकवल्या. "आधी रडून घ्या, मग निवडा. दोन्ही एकदम तुम्हाला जमायचं नाही."

नरहररावांना हा अपमान वाटला. त्यांनी दोन्ही एकदम केलं. संध्याकाळच्या भाजीत पानं थोडी होती आणि काड्या भरपूर.