अकरा ते बारा शांतता

श्रीपतरावांनी मनावर घेतलं म्हणजे घेतलं! "उद्या अकरा ते बारा या गल्लीत चिमणी जरी चिवचिवली तर नाव बदलून ठेवीन," असं त्यांनी घरात जाहीर केलं, आणि तेही अशा आवाजात की दारातल्या लिंबावरच्या चिमण्या तेव्हाच उडून गेल्या.

आवाज ही त्यांची कमाई होती. कळंबच्या बसस्टँडवर उभी हयात त्यांनी कंट्रोलर म्हणून काढली. माइक बंद पडला की इतरांना घाम फुटायचा. श्रीपतराव नुसते खिडकीतून डोकं बाहेर काढायचे आणि "येरमाळामार्गे बार्शीऽऽ!" एवढंच म्हणायचे. रसवंतीत बसलेली माणसं अर्धा ग्लास तसाच टाकून गाडीकडं पळायची, त्यात बार्शीला न जाणारीही दोन-चार असायची. अशा माणसाला निवृत्त झाल्यावर शांततेचं वेड लागलं!

वेडाला कारणही तसंच होतं. त्यांची एकुलती एक लेक पौर्णिमा. पदवी झाली, अर्ज करून करून पोरीची बोटं झिजली, आणि शेवटी पुण्याच्या एका कंपनीनं मोबाइलवर मुलाखतीला बोलावलं. पोरगी खुर्चीत ताठ बसली, कंपनीतल्या बाई स्क्रीनवर आल्या, आणि त्याच मिनिटाला समोरच्या उत्तरेश्वरनं पिठाची गिरणी सुरू केली. पाठोपाठ भंगारवाल्याचा भोंगा आला. मागल्या गल्लीत कुणाच्या तरी वरातीची हलगी कडाडली. पुण्याच्या बाईंनी दोनदा कान झाकले आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही कारखान्यात बसला आहात का?" मुलाखत तिथंच आटोपली. पुन्हा एक संधी देऊ म्हणाल्या, शेवटची.

पौर्णिमा त्या दिवशी जेवली नाही. श्रीपतरावांना ते फार लागलं. त्यांनी तडक आवाजाविरुद्ध तक्रार केली. या कार्यालयानं त्या कार्यालयाकडं पाठवलं, त्यानं परत याकडं. तेवढ्यात 'झणझणीत कळंब' नावाचं बातम्यांचं चॅनल मोबाइलवरून चालवणारा युवराज काठीला मोबाइल लावून दारात हजर झाला. "निवृत्त कंट्रोलरचा आवाजाशी सामना!" अशी बातमी झळकली. मग काय! कुठला आवाज, कसला आवाज, ते ऐकायला अर्धं गाव मोटारसायकली घेऊन गल्लीत आलं. गर्दीत वाट मिळेना म्हणून जो तो हॉर्न वाजवायला लागला, आणि गल्लीतला आवाज होता त्याच्या दुप्पट झाला.

म्हणून या खेपेला पौर्णिमानं बापाकडून वचनच घेतलं.

"पप्पा, मुलाखत हाय हे कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं न्हाय. पुन्हा न्हाय जमलं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार न्हाय माझी."

"न्हाय सांगत!"

"हळू बोला!"

"हळूच बोलतोय!" श्रीपतराव म्हणाले, आणि शेजारच्या धुरपदाबाई 'काय झालं' म्हणून भिंतीवरून डोकावल्या.

"त्यापरीस पोरीला तेरला आक्काकडं पाठवा की," त्यांच्या बायकोनं, गयाबाईंनी सुचवलं. आक्का म्हणजे श्रीपतरावांची थोरली बहीण भिमाबाई. गयाबाई स्वतः गुडघा धरल्यामुळं आठवडाभर घरातच पडून होत्या.

"तिथं रेंज येत न्हाय. आन उभा स्टँड आवाजावर चालवला म्या! गल्लीला भिऊन लेक बाहेर पाठवू?"

तर त्या संध्याकाळी श्रीपतराव वचन पोटात ठेवून उत्तरेश्वरच्या गिरणीत गेले. कधी नव्हे ते हळू बोलायचं होतं. त्यासाठी त्यांनी हनुवटी छातीला टेकवली, श्वास कोंडला आणि गळा आवळून शब्द एकेक करून बाहेर सोडला. एवढ्या कष्टानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"जयभीम, श्रीपतराव!" उत्तरेश्वर म्हणाला. "आँ? आवाजाला काय झालं?"

"उद्या सकाळी... गिरणी बंद ठेवा. बारापस्तोर. गल्लीत जरा... शांतता पायजे."

उत्तरेश्वरनं हातातला डबा खाली ठेवला. आयुष्यभर ज्याचा आवाज गल्लीपलीकडून ऐकला, तो माणूस कुजबुजत होता, आणि वर डोळे पुसत होता!

"का वो? काय झालं?"

"ते सांगता येत न्हाय."

"वहिनी दिसल्या न्हाईत आठ दिस झाले..."

"ती आतच हाय. पडून."

"मग दवाखाना?"

"दाखवला की. डॉक्टर म्हणला, आता घरीच राहू द्या." गुडघ्याला विश्रांतीच हवी, असंच डॉक्टर म्हणाला होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण श्रीपतरावांचं सगळं लक्ष स्वतःच्या गळ्याकडं. "उद्या अकराला काय व्हायचं ते व्हईल. बारापस्तोर उरकंल सगळं. मग तुमी खुशाल गिरणी लावा."

उत्तरेश्वरनं पिठाचे हात जोडले. "तुमी निर्धास्त ऱ्हावा, श्रीपतराव. गल्लीचं आमी बघतो."

किती समजूतदार माणूस, असं म्हणत श्रीपतराव घरी आले आणि गाढ झोपले.

सकाळी उठून बघतात तर काय! गिरणीला कुलूप. धुरपदाबाईंनी कोंबडा पाटीखाली झाकलेला. भंगारवाला आला तो भोंग्यात फडकं कोंबून, मान खाली घालून, गाडा ढकलत. पोरांना त्यांच्या आयांनी दंडाला धरून आत नेलं. श्रीपतरावांनी अभिमानानं धुतलेला पांढरा सदरा-पायजमा चढवला आणि दारात खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. मोबाइलही बंद करून ठेवला, मधेच वाजायला नको म्हणून. गयाबाईंना हुकूम होता की कुकर नाही, मिक्सर नाही, स्वयंपाकघरातून बाहेर पाऊल नाही.

हळूहळू माणसं जमायला लागली. कुणी पांढरी टोपी घालून, कुणी डोक्यावर पदर घेऊन. येत, हात जोडत आणि समोरच्या कट्ट्यावर गुपचूप बसत. श्रीपतरावही हात जोडत. त्यांचा ऊर भरून आला. काय ही एकी! एका शब्दाखातर माणसं कामं टाकून गप्प बसायला आली!

युवराजही आला. आज तोही मोबाइलजवळ तोंड नेऊन कुजबुजत बोलत होता. श्रीपतरावांना त्याचंही कौतुक वाटलं. तो काय कुजबुजला ते त्यांना कळलं असतं तर ते खुर्चीतून पडले असते. कारण तासाभरात 'झणझणीत कळंब'वर जयंतीच्या मिरवणुकीतला गयाबाईंचा हसरा फोटो झळकला होता, भोवती फुलांची चौकट, आणि खाली 'श्रीपतरावांच्या घरावर दुःखाचा डोंगर, गल्लीत कडकडीत शांतता, भावपूर्ण आदरांजली!'

अकरा वाजले. पौर्णिमानं दार लावून घेतलं. श्रीपतरावांनी खुर्ची दाराला चिकटवली आणि फटीला कान लावला. आतून लेकीचा आवाज येत होता, स्वच्छ, न अडखळता. श्रीपतरावांना वाटलं, जमलं! आता एवढा तास निघाला की पोरीचं सोनं झालं.

धुरपदाबाई हळूच शेजारी येऊन बसल्या. "पाव्हणे यायचे असतेन अजून?"

"पाव्हणे कशाला? पुण्याची माणसं हायत, ती मोबाइलवर बघायलेत."

धुरपदाबाईंनी तोंडाला पदर लावला. "काय दिस आले गं बाई! दर्शन बी मोबाइलवर!"

श्रीपतरावांना काही कळलं नाही, पण चर्चा वाढवायची ही वेळ नव्हती. इतक्यात स्टँडवरचे जुने सोबती जीपमधून उतरले. सगळ्यांत पुढं रिटायर ड्रायव्हर राजपाल, हातात दोन्ही बाजूंनी धरावं लागेल एवढं पांढऱ्या फुलांचं चक्र.

"आत्ताच कशाला हार?" श्रीपतराव पुटपुटले. "अजून निकाल लागायचाय."

राजपालनं त्यांना घट्ट मिठी मारली. "डोक्यावर परिणाम झालाय गड्याच्या," तो बाकीच्यांना हळूच म्हणाला.

आणि मग गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली.

आवाज ही या घराण्याची मिरास, हे सांगायचं राहिलंच. श्रीपतरावांना तो बापाकडून निम्मा मिळाला होता. पुरा मिळाला होता तो भिमाबाईंना, आणि तेरला रेंज पोचत नसली तरी वाईट बातमी पोचली होती!

"अगं माझ्या गयाऽऽऽ! मला न सांगता कशी गेलीस गंऽऽऽ!"

श्रीपतराव तोंडावर बोट ठेवून धावले. भिमाबाईंनी त्यांना धावतानाच कवेत घेतलं.

"आक्का, गप! गप बसा!"

"कशी गप बसू रे भावाऽऽ! चंद्रावानी भाकर करायची रे माझी भावजयऽऽ!"

ही तीच भाकर, जी मागच्या खेपेला भिमाबाईंनी बोटानं ठोकून बघितली होती आणि 'हिचा पाट करून बसावं' असं सगळ्यांदेखत सांगितलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीत गयाबाई उभ्या होत्या. नणंदेचं रडणं ऐकून त्या गडबडीनं बाहेर निघाल्या होत्या. भाकरीचं ऐकलं आणि जागीच थांबल्या. लग्न होऊन आल्यापासून त्या माउलीनं आक्कांच्या तोंडून एक बरा शब्द ऐकला नव्हता. त्यांनी गुडघ्याचा भार खिडकीवर टाकला आणि कान दिला.

"आक्का, गया जित्ती हाय!" श्रीपतराव गळा आवळून सांगत होते.

"व्हय रे बाबा, आपल्या मनात जित्तीच हाय तीऽऽ! साऱ्या घराचा गाडा हिनंच वढला रे! तू नुसता आरडायचासऽऽ!"

खिडकीत गयाबाईंनी मान हलवली.

आता धुरपदाबाईंचाही बांध फुटला. त्यांच्या मागं सगळ्या बायकांनी सूर धरला. राजपाल हुंदके द्यायला लागला. युवराज मोबाइल धरून 'थेट प्रक्षेपण, थेट प्रक्षेपण' करत फिरत होता. श्रीपतरावांनी दाराच्या फटीकडं बघितलं. आत लेकीची शेवटची संधी, बाहेर हा कल्लोळ! सगळ्यांना हात जोडून झालं, तोंडावर बोट ठेवून झालं. ते जितकं खुणावत, तितकी माणसं जास्तच कळवळत. शेवटी त्यांचा तोल गेला. कालपासून कोंडलेला श्वास, आवळलेला गळा, सगळं एकदम मोकळं झालं.

"गया जित्ती हाऽऽय! आत पौर्णिमाची मुलाखत चाललीऽऽय! गप बसाऽऽऽ!"

स्टँडवर माइकशिवाय त्यांनी हजारो पुकारे केले, पण असा कधीच नाही! पाटीखालचा कोंबडा आरवला. भंगारवाला दचकला, भोंग्यातलं फडकं निसटलं, बटण दाबलं गेलं आणि 'भंगाऽऽर, जुनं पुरानं' सुरू झालं. रडणं मात्र खाडकन थांबलं, कारण खिडकीतून गयाबाई बोलल्या.

"एवढं वरडायची काय गरज हुती? आक्कांचं अजून कालवणावर यायचं हुतं!"

भिमाबाईंनी भावजयीकडं बघितलं, हातातल्या पदराकडं बघितलं, आणि डोळे पुसायचे सोडून कपाळाचा घाम पुसला. उत्तरेश्वर पुढं आला. "श्रीपतराव, तुमीच म्हणलात न्हवं, घरीच राहू द्या म्हणून?"

"गुडघ्याला वो!"

श्रीपतराव खुर्चीत मटकन बसले. वचन मोडलं होतं, शांतता मोडली होती, आणि दोन्ही त्यांनीच मोडलं होतं. पोरीला आता काय तोंड दाखवायचं? त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. या वेळी गळा न आवळता.

तेवढ्यात दार उघडलं आणि पौर्णिमा बाहेर आली. सगळी गल्ली खरोखरच चूप झाली, भंगारवाल्यानंही धडपडून बटण बंद केलं.

"पोरी..." श्रीपतराव खुर्चीतून उठले.

"त्यांनी सगळं ऐकलं, पप्पा. बाई म्हणाल्या, कोण रडतंय? म्हटलं, आत्या. माझी आई वारली म्हणून. त्या उठूनच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मुलाखत पुढं ढकलू या. मी म्हटलं, काही गरज नाही, आई ठणठणीत आहे, खिडकीत उभी राहून ऐकतीय. तुम्ही पुढचा प्रश्न विचारा."

"मग?"

"मग तुमचा आवाज आला."

श्रीपतरावांनी मान खाली घातली.

"त्या पोट धरून हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडं दिवसभर चिडलेली माणसं फोनवर ओरडत असतात. एवढ्या गोंधळात जिचा आवाज चढला नाही, अशीच मुलगी आम्हाला पाहिजे. झाली निवड!"

मग जो गलका उठला, त्याला कुणी अडवलं नाही. राजपालनं ते पांढऱ्या फुलांचं चक्र पौर्णिमाच्या गळ्यात घालायचा प्रयत्न केला, ते तिच्या गुडघ्यांपर्यंत आलं. उत्तरेश्वरनं खुशीत गिरणीचं कुलूप काढलं. श्रीपतराव लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

"मग पुण्याला कधी निघायचं?" त्यांनी विचारलं.

"जायचंच न्हाय, पप्पा! काम घरूनच करायचंय. रोज, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. फक्त घरात शांतता पाहिजे म्हणाल्या."

उत्तरेश्वरचा हात गिरणीच्या बटणावर तसाच राहिला. सगळ्यांनी श्रीपतरावांकडं बघितलं. श्रीपतरावांनी बायकोकडं.

गयाबाई लंगडत लंगडत येऊन नणंदेशेजारी कट्ट्यावर बसल्या.

"माझ्याकडं काय बघता? मी रोज मरायला तयार हाय," त्या म्हणाल्या. "पण आक्का रोज रडायला आल्या पायजेत!"