सेतुरावांचा फोनवरचा तास

कोरोनात शाळा बंद होत्या तेव्हा आमचे शेजारी सेतुराव व्हिडिओवर गणित शिकवायचे आणि कॅमेरा भिंतीकडे वळवून ठेवायचे. मुलांना दिसायचं ते फक्त कॅलेंडर. कारण वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी बटणांचा साधा फोन. त्यांना नुसतं ऐकू येणार, मग बाकीच्यांनी बघायचं कशाला?

"शेवटच्या बाकाला पोचलं का?" हा त्यांचा मंत्र. लग्नाच्या पंगतीत सांबार वाढणाऱ्यालाही त्यांनी हेच विचारलेलं मी ऐकलंय.

तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी त्या वेळी तरुण होते, म्हणजे अडुसष्टची, आणि तरुणपणी माणूस असतं तशी लबाड. शाळेत मी गणितात नापास व्हायचे हे कळल्यावर सेतुरावांनी मला नेमूनच टाकलं.

"अक्का, तुम्हाला कळलं तर कुणालाही कळेल."

हा मान समजण्याइतकी मी मूर्ख होते. रोज सकाळी नऊला शेजारच्या घरातून त्यांचा फोन. ते सांगणार, मी न बघता वहीत काढणार, मग वही परसातल्या भिंतीवरून पलीकडे. आकृती चुकली की दोष त्यांचा. पाठ नव्यानं बांधायचे, पुन्हा फोन. माझी आकृती बरोबर आली की मगच तो पाठ मुलांकडे जायचा. तोवर माणसाला दाढीची शुद्ध नसायची.

स्पर्शिकेच्या दिवशी तीनदा झालं. स्पर्शिका म्हणजे वर्तुळाला नुसती टेकून जाणारी रेघ. कॉफीचा टंबलर पालथा घालून मी वर्तुळ काढलं, पण रेघ दर वेळी ते कापून आत शिरली. इकडे डोशाचं पीठ वाट बघत होतं. चौथ्यांदा मी मागच्या खिडकीशी गेले. तिथून, ते सांगताना स्वतःसाठी आकृती काढतात तो फळा दिसतो. बघून काढली.

"आता जमलं," सेतुराव म्हणाले. पाठ गेला.

आठवड्यानं तिरुवैयारूकडच्या खेड्यांतून दूधवाल्याच्या मोपेडवर वह्या आल्या. वहीमागून वही, रेघ वर्तुळ कापून आत. अगदी माझ्यासारखी. दहावीतल्या कयलच्या वहीत तर चिठ्ठी होती. 'सार, मला डोकं नाही. वही परत पाठवू नका. सोमवारपासून अम्माबरोबर भातलावणीला जाणार.'

सेतुराव ती वही घेऊन माझ्या पायरीवर येऊन बसले. 

"तुम्हाला कळलं, अक्का. मग तिला कसं नाही कळलं? ती तुमच्यापेक्षा हुशार आहे."

"माझ्यापेक्षा कुणीही हुशार आहे," मी म्हणाले. आणि सांगून टाकलं. खिडकी, फळा, पीठ, सगळं.

मला वाटलं, आता तोंड बघणार नाहीत माझं. ते वहीकडेच बघत राहिले.

"खिडकी वाजली होती. शंका आली मला. पण विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुम्ही फोन उचलला नसता." वही मिटून म्हणाले, "बायको गेल्यापासून माझ्याशी मराठीत बोलणारं दुसरं कोण आहे?"

 मी त्यांना कयलचा नंबर लावायला लावला. उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा उचलला, तसा फोन मी माझ्याकडे घेतला, स्पीकर लावला आणि तमिळमध्ये म्हणाले, "कयल, मी सारांच्या शेजारची पाट्टी, म्हातारी आजी. तुझं डोकं ठीक आहे. पाठच नीट जमला नव्हता. मी बघून नक्कल केली, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही."

पलीकडे मोटारपंप चालू होता, त्याच्या वरताण आवाजात तिनं विचारलं,

"पाट्टी, आता तरी तुम्हाला कळलंय का?"

"नाही गं."

"मग सारांना विचारा, आपल्या दोघींना परत शिकवतील का. लावणी सोमवारी आहे. त्याआधी."

सेतुरावांनी फोन घेतला आणि तिला दिसत असल्यासारखी नुसती मान हलवत राहिले. मी तो त्यांच्या हातातून परत घेतला.

"हो म्हणताहेत," मी म्हणाले.