पाऊणपट तिथी आणि तिवरांतली वाट

समुद्राचं मला कोणी काही सांगू नये! भरती कधी, ओहोटी कधी हे बघायला लोक मोबाईल काढतात, अ‍ॅप उघडतात, वर आलेली जाहिरात बंद करण्यात दोन मिनिटं घालवतात. मी नुसती तिथी बघतो. तिथीचे पाऊणपट केले की भरतीची वेळ हातात! अष्टमी? आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती, पुढे सहा तासांनी ओहोटी. हे गणित आजोबांनी मला वेंगुर्ल्याच्या बंदरावर शिकवलं आणि ते आजवर एकदाही चुकलेलं नाही. चुकलं ते मी. आणि तेही कधी, तर पोरीचं लग्न ठरायच्या ऐन वेळी!

झालं असं की आमची श्रुतिका मुलुंडच्या शौनकच्या प्रेमात पडली. मुलगा झकास. शिकलेला, हसरा, मला वाकून नमस्कार करणारा. घोडं अडलं होतं त्याच्या आईवडिलांपाशी. श्यामसुंदरराव आणि उत्तराताई दोघंही साठीला टेकलेले आणि दोघंही सायकलवाले! दर रविवारी पहाटे उठून ठाण्याच्या पलीकडे जाऊन येतात आणि मग चहा पितात. मी उठून चहा पितो आणि मग पुन्हा जरा पडतो.

एके दिवशी श्यामसुंदररावांचा फोन आला. "चंद्रप्रकाशराव, पोहे खात एकमेकांची तोंडं बघण्यात मला रस नाही. बाहेर भेटू. गोराईला खाडीकाठी पायवाटा आहेत म्हणे. थोडी सायकल, थोडं चालणं. माणूस कसा आहे ते अशा वेळीच कळतं. मुलं नकोत, आपण मोठेच!"

मी अंधेरीला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे, दिवसभर खुर्चीत. सायकलवर शेवटचा बसलो तेव्हा श्रुतिका बालवाडीत होती. पण तोंडातून काय निघावं?

"गोराई? अहो, तिथली वाट न् वाट मला पाठ आहे!"

खरं सांगायचं तर गोराईला मी एकदाच गेलो होतो, ऑफिसच्या पिकनिकला, आणि दिवसभर बंगल्यात बसून कॅरम खेळलो होतो.

मालन म्हणाली, "अहो, कोणातरी माहीतगाराला विचारा हो. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"मला काय विचारायचंय? मी कोकणातला माणूस!"

"जन्म दहिसरचा. कोकणात जाता ते मे महिन्यात, आंबे खायला."

मी दुर्लक्ष केलं. रात्री दोन व्हिडिओ बघितले. मिठागरांच्या मागून तिवरांमध्ये एक मातीचा बांध जातो, त्याच्या टोकाला खडकाळ टेकाड, वर छोटीशी देवळी. जागा अशी सुंदर की श्यामसुंदरराव जागच्या जागी होकार देतील! फक्त व्हिडिओतला पोरगा सारखा बजावत होता, "दोस्तांनो, ओहोटीतच जा, भरतीला बांध पाण्याखाली जातो." मी मनात म्हटलं, बाळा, तू मला शिकवतोस?

तिथी बघायची म्हणजे कॅलेंडर बघायला हवं. कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दाराआड, चष्मा टीव्हीवर आणि मी पलंगावर. तेवढ्यात आतून मालनचा आवाज आला, "उद्या माझा उपवास आहे हो, साबुदाणा भिजवतेय." झालं! एकतीस वर्षांच्या संसारात मालनचा साबुदाणा भिजला म्हणजे दुसऱ्या दिवशी एकादशी. उठायचं कशाला? अकराचे पाऊणपट सव्वाआठ. सकाळी सव्वाआठला भरती, दुपारी सव्वादोनला ठणठणीत ओहोटी. लगेच फोन लावला.

"श्यामसुंदरराव, उद्या दुपारी साडेबाराला बोरिवलीच्या जेट्टीवर भेटू!"

"दुपारी? उन्हात?"

"थंडीचे दिवस आहेत हो. आणि समुद्राची म्हणून एक वेळ असते. ती माझ्यावर सोडा!"

"वा! अभ्यास दिसतोय तुमचा," ते म्हणाले. मी पलंगावर तरंगायला लागलो.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शेजारच्या सर्वेशची सायकल घेऊन मी जेट्टीवर हजर. ते दोघं आधीच आलेले. हेल्मेट, हातमोजे, गुडघ्याला पट्टे! श्यामसुंदररावांची निळी सायकल तर अशी चकचकीत की हात लावायच्या आधी धुवावासा वाटावा. खाडी ओलांडताना होडीत ती त्यांनी नवजात बाळासारखी धरली होती.

मी डबा पुढे केला. "उत्तराताई, लाडू घ्या. मालनने केलेत."

"नको हो, माझा आज उपवास आहे."

"अरे वा! आमच्याकडेपण उपवास!" मी आनंदाने ओरडलो. दोन्ही घरांचा एकच उपवास, याहून चांगला शकुन कुठला? कुठला उपवास, हे विचारायची गरज मला वाटली नाही. अजूनही आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

गाव मागे टाकलं, मिठागरं लागली. श्यामसुंदरराव पुढे, उत्तराताई त्यांच्या मागे आणि त्यांच्या बऱ्याच मागे मी, इंजिनासारख्या धापा टाकत. पण वाट खरोखर सुंदर! दोन्हीकडे तिवरं, चिखलातून वर आलेली त्यांची मुळं, पांढरे बगळे. बांध पुढे फार अरुंद झाला तेव्हा आम्ही सायकली तिवरांना टेकवून ठेवल्या आणि चालत टेकाडावर पोचलो. देवळीला नमस्कार केला. दीड वाजला होता.

"अप्रतिम!" श्यामसुंदरराव म्हणाले. "चंद्रप्रकाशराव, मानलं तुम्हाला! शौनक म्हणाला होता, श्रुतिकाचे बाबा जरा घरकोंबडे आहेत. पण छे!"

मी लाजलो. मनात हॉलसुद्धा बुक केला. बोरिवलीतला, एसीवाला.

पाऊणेक तास आम्ही खडकावर बसून गप्पा मारल्या. मग श्यामसुंदररावांचं लक्ष खाली गेलं.

"मघाशी तो खडक पूर्ण दिसत होता ना?"

"कुठला?"

"तो काळा. आता फक्त डोकं दिसतंय."

"ओहोटीचं पाणी असं जाता जाता जरा मागे वळतं," मी म्हणालो. असलं शास्त्र जगात कुठेही नाही. पण मी इतक्या ठामपणे बोललो की मलाच पटलं!

पाच मिनिटांनी उत्तराताईंची चप्पल तरंगत निघाली. चिखल लागला म्हणून त्यांनी ती खाली धुऊन वाळत ठेवली होती.

"ओहोटी आहे ना हो?" श्यामसुंदररावांनी चप्पल पकडत विचारलं.

"शंभर टक्के! सव्वादोन वाजलेत, पाणी आता तळाला आहे."

"तळ बराच वर आलाय," ते म्हणाले.

मी मनात पुन्हा गणित केलं. अकराचे पाऊणपट सव्वाआठ. बरोबर! मग पाण्याला काय धाड भरली? आणि नेमक्या त्याच वेळी उत्तराताईंनी सहज विचारलं, "आज चंद्रोदय किती वाजता आहे हो? नऊच्या सुमाराला ना?"

"चंद्रोदय?" माझा आवाज चिरकला. "तो कशाला हवाय?"

"अहो, संकष्टी ना आज! चंद्र बघून उपवास सोडायचा."

संकष्टी! म्हणजे चतुर्थी! चाराचे पाऊणपट तीन! तीनला भरती, ओहोटी नाही, भरती! आणि आत्ता वाजले होते सव्वादोन! वळून बघितलं तर बांध गायब. तिवरांचे नुसते शेंडे आणि मधे पाणीच पाणी!

"आलोच हं, एक फोन करून," असं म्हणून मी देवळीमागे गेलो. ते टेकाड आमच्या हॉलएवढं. जाणार कुठे?

"मालन! आज तिथी काय?"

"संकष्टी. का हो?"

"तू एकादशी करतेस ना?"

"एकादशीही करते. श्रुतिकाचं जमावं म्हणून तीन महिने झाले, संकष्टी पण धरलीय. तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही मोबाईलमध्ये बघत 'हं' म्हणालात."

"मग काल सांगायचं ना, संकष्टी आहे म्हणून!"

"तुम्ही विचारलंत? आणि तुम्ही आत्ता आहात कुठे? मागे पाण्याचा आवाज कसला येतोय?"

मी सांगितलं. रागावली की मालन थेट मालवणीत जाते. "तुमका अक्कल आसा काय? पोरीच्या सासऱ्याक घेऊन पाण्यात बसलात?"

गोराई गावात कोणाला तरी कळवते म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मी पुढे आलो. दोघं उभे राहून माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"परतीची वाट कुठाय, चंद्रप्रकाशराव?" श्यामसुंदररावांनी शांतपणे विचारलं.

"आहे ना," मी म्हणालो. "खाली."

"आणि माझी सायकल?"

"तीपण खालीच."

त्यांनी डोळे मिटले. उत्तराताईंनी अथर्वशीर्ष सुरू केलं. पाणी एक एक खडक गिळत वर येत होतं. आम्ही तिघं एक पायरी वर सरकलो, मग आणखी एक, मग देवळीला पाठ लावून उभे राहिलो. पुढे सरकायला देवळीचं छप्परच उरलं होतं, आणि ते माझ्या कमरेएवढं!

उत्तराताई मधेच थांबल्या. "तुम्हाला पोहता येतं ना? कोकणातले तुम्ही!"

त्या क्षणी काय झालं कोण जाणे, माझा सगळा आव गळून पडला.

"नाही हो ताई. मला पोहता येत नाही. मी दहिसरमध्ये वाढलो. वडील गिरणीत होते, गावी वर्षातून पंधरा दिवस जायचो आणि गुडघ्याच्या वर पाण्यात कधी गेलो नाही. इथली वाटही मला माहीत नव्हती. सगळ्या थापा! तुम्ही दोघं एवढे फिट, मला वाटलं मी तुमच्यापुढे अगदीच गबाळा दिसेन. चूक माझी आहे. मला काय वाट्टेल ते बोला, पण माझ्या पोरीवर राग काढू नका. ती माझ्यासारखी नाही. ती कॅलेंडर बघते."

माझे डोळे भरून आले होते. श्यामसुंदररावांनी पँटचे पाय वर दुमडले.

"आधी जिवंत घरी जाऊ," ते म्हणाले. "रागाचं तिथे बघू."

पाणी माझ्या बुटांना लागलं तेवढ्यात तिवरांआडून एक होडी आली. होडीत कासोटा घातलेली एक कोळीण, हातात लांब बांबू. मालनने सोसायटीतल्या मासेवालीला फोन केला होता आणि ही सुगंधा तिची गोराईची बहीण निघाली. समुद्राच्या बाबतीत आमच्या घरात खरी ओळख कोणाची, ते तेव्हा मला कळलं.

"काय ओ," सुगंधा लांबूनच ओरडली, "आज चवथ! तीनची भरती! हितं कोणी आणलं तुमाला?"

श्यामसुंदरराव आणि उत्तराताईंनी एकाच वेळी माझ्याकडे बोट केलं. पहिल्या भेटीत त्यांचं माझ्याबद्दल एवढं एकमत झालेलं बघून बरं वाटावं की वाईट, तेच कळेना.

होडीत बसताना मी एकदा घसरलो, एकदा सुगंधाच्या पायावर पडलो. बांधावरून जाताना तिने बांबूला आकडा लावून तिन्ही सायकली वर ओढल्या. निळी सायकल शेवटी आली, चिखलाने काळी झालेली, आणि पॅडलला एक मोठी चिंबोरी नांगीने लटकलेली.

"साहेब, चिंबोरी नेताव का?" तिने विचारलं.

"आज उपवास आहे," उत्तराताई घाईघाईने म्हणाल्या. सायकलच्या सीटमधून पाणी गळत होतं, त्याकडे श्यामसुंदरराव नुसते बघत होते.

दहिसरला घरी पोचेपर्यंत माझी खात्री पटली होती की सगळं संपलं. श्रुतिका आणि शौनक दारातच उभे. पोरीने आधी मला चाचपून बघितलं, मग जी रडली! मालनने पाहुण्यांना कोरडे कपडे दिले. माझा लेंगा श्यामसुंदररावांना घोट्याच्या बराच वर येत होता. नऊच्या सुमाराला चंद्र उगवला, दोघींनी गॅलरीत जाऊन तो बघितला, मोदक वाढले गेले. मला मोदक गिळवेना. पोरीकडे बघायची तर हिंमतच होईना.

शेवटी श्यामसुंदररावांनी पाचवा मोदक संपवला, हात पुसले आणि घसा खाकरला.

"चंद्रप्रकाशराव, मी म्हटलं होतं, माणूस अशा वेळीच कळतो. तुम्ही कळलात."

माझी मान खाली.

"पण मालनताईंनी तासाभरात होडी पाठवली. मुलगी आईवर गेली असेल, असं आम्ही धरून चालतो. श्रुतिका आम्हाला पसंत आहे."

मी उडालोच! रडू आणि हसू एकदमच आलं.

"एकच अट आहे," ते म्हणाले.

"बोला! काय वाट्टेल ते!"

"लग्नाची तारीख, तिथी, मुहूर्त, यातलं काहीही तुम्ही काढायचं नाही."

"आणि कोणाला कळवायचंही नाही," मालनने आतून जोडलं.

मी दोन्ही अटी हात जोडून मान्य केल्या. मागच्या आठवड्यात मुहूर्त ठरला म्हणे. हॉल घेतला, बस्ता झाला, मासेवालीला आणि सुगंधाला तोंडी आमंत्रणसुद्धा गेलं. लग्न कधी आहे, ते मात्र मला अजून कोणी सांगितलेलं नाही. पत्रिका छापून आली की कळेलच.