मेश्राम काकूंची तपासणी

आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत एसीचा मेकॅनिक शिडी घेऊन गेटातून आत आला, की तो कोणाच्याही घरी जावो, थोड्याच वेळात तिथे मेश्राम काकू हजर होतात. त्यांना कोणी बोलावलेलं नसतं. "चालू द्या, चालू द्या, मी फक्त बघते," म्हणत त्या दाराशी चपला काढतात, जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढतात आणि शिडीच्या शेजारी ठाण मांडून बसतात. हातात टॉर्च असतो.

काकू मूळच्या नागपूरच्या. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण फायलीवर शेरा मारायची सवय काही गेली नाही. फायली नाहीत, म्हणून आता शेरे यंत्रांवर.

"आंटी, गैस कम है," मेकॅनिक म्हणतो.

"कम है तो गई कहाँ? कोई पी गया क्या? पहले लीक दिखाओ."

लीक सापडली की काकू टॉर्च बंद करतात आणि म्हणतात, "नोटेड."

आमच्या भागातले सगळे मेकॅनिक त्यांना ओळखतात. सोनू नावाचा एक जण तर काम घ्यायच्या आधी फोनवरच विचारतो, "वो आंटी वाली सोसायटी है क्या?"

काकू नमस्कार, कसे आहात वगैरे विचारत नाहीत. मार्च लागला की लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर एकच प्रश्न, "जाळी धुतली का?" जाळी एसीची, पण नवीन लोकांना वाटतं, ही काहीतरी मराठी धार्मिक भानगड असावी. एकदा शेजारच्या ब्लॉकमध्ये एक आजोबा वारले. आम्ही सगळे भेटायला गेलो. खोलीत कोणी बोलत नव्हतं. काकू मान वर करून बराच वेळ बघत होत्या. मला वाटलं, आजोबांच्या फोटोकडे बघून गलबलल्या असतील. मग त्या माझ्या कानात म्हणाल्या, "टपकतोय."

हिवाळ्यात काकूंना उसंत मिळेल म्हणावं, तर तेव्हा हीटर आणि गीझर येतात. खोलीत हीटर लावला की खिडकी बोटभर उघडी हवी, ही काकूंची सक्त ताकीद. गॅसचा गीझर असेल तर बाथरूमची खिडकी उघडी हवीच हवी. सकाळी उन्हात बसल्या बसल्या त्या चारही मजल्यांच्या खिडक्या तपासतात. एकदा त्यांनी खालूनच आवाज दिला, "दूसरी मंज़िल! गीझर चालू, खिड़की बंद!" खिडकी धाडकन उघडली, एक साबणाने माखलेला हात बाहेर आला आणि आतून केविलवाणा आवाज आला, "खुली है आंटी जी, खुली है!"

त्यांचं सगळंच बरोबर असतं असं मुळीच नाही. त्यांच्या हट्टापायी शर्मांच्या शेजाऱ्यांनी एसीचा बाहेरचा डबा फिरवून बसवला, आणि त्याच्या गरम हवेने शर्मांची तुळस पार करपली. काकूंनी नवीन तुळस आणून दिली. वर शर्मांनाच म्हणाल्या, "जागा चुकीची होती तिची."

गेल्या मे महिन्यात माझी आई नाशिकहून आमच्याकडे आली होती. दिल्लीचा उन्हाळा तिने तोवर फक्त टीव्हीवर बघितला होता. आणि नेमका एका दुपारी एसी बंद पडला. सोनू आला, काकूही आल्या. आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळालं होतं. ते दुकानात न्यावं लागणार होतं, म्हणजे एसी दुसऱ्या दिवशीच. सोनू निघून गेला. भिंती तापल्या होत्या, पंखा गरम वारा फेकत होता, आणि आईचा चेहरा लालबुंद झाला होता. तिला ब्लडप्रेशर आहे.

"काकू, आईला जरा तुमच्याकडे बसू द्याल का?" मी विचारलं. अख्ख्या सोसायटीत सर्वांत चांगला एसी काकूंचाच असणार, याची मला खात्री होती.

काकू एकदम गडबडल्या. "आमच्याकडे? आमच्याकडे नको. पसारा आहे." काकूंच्या घरी आपण कधी आत गेलोच नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी आईकडे बघितलं. आई पदराने मान पुसत होती. "अच्छा, चलो," काकू म्हणाल्या. "हळू उतरा जिना."

तळमजल्यावरचं त्यांचं घर लख्ख होतं. पसारा कसला तो नव्हता. बाहेरचं दार सताड उघडं आणि मागच्या खिडकीत एक जुना कूलर. भिंतीवर एसीच्या जागी सिमेंटने बुजवलेलं भोक.

"अहो मेश्रामबाई, एसी कुठाय?" आईने विचारलं. मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण उपयोग झाला नाही.

काकूंनी आईला पाणी दिलं, कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या, मग समोर बसल्या.

"होता. फार खडखड करायचा. सर्व्हिसिंग करू, करू म्हणत राहिलो. हे दुपारी याच खोलीत झोपले होते. दार लावलेलं, एसी चालू. मी स्वयंपाकघरात." काकूंनी कूलरकडे बघितलं. "चहा घेऊन आले तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले हार्ट. पण त्यांनी हाक मारली असेल हो. मला त्या खडखडीत ऐकू आली नाही. महिन्याभरात काढून टाकला तो. तेव्हापासून दार पण लावत नाही मी दिवसा."

आई पाणी पीत शांतपणे म्हणाली, "मारलीच असेल असं कशावरून? आमचे पण झोपेतच गेले. मी शेजारीच होते, एसी-बिसी काही नाही. एक शब्द बोलले नाहीत. एरवी चष्मा सापडला नाही तरी घर डोक्यावर घ्यायचे."

काकूंना हसू आलं, आणि हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "आमचे पण तसेच," त्या म्हणाल्या. "मोज्यांसाठी."

दोघींचं नवऱ्यांवर बोलणं सुरू झालं, तशी मी वर निघून आले.

ऊन उतरल्यावर आईला आणायला खाली गेले. काकूंचं दार बंद होतं. मी बेल वाजवली, थोडं थांबून पुन्हा वाजवली. आतून कूलरची घरघर तेवढी येत होती. मी मागच्या बाजूला जाऊन कूलरच्या फटीतून डोकावले. आई दिवाणावर, काकू खाली चटईवर, दोघी गाढ झोपल्या होत्या. काकू तर चक्क घोरत होत्या.

मी परत पुढे आले आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.